तारीख : उगम, प्रकार आणि उपयोग

तारीख हे महाराष्ट्रातील न्यायालयांचे मुख्य उत्पादन आहे. न्याय हे जोडउत्पादन असून ते अधूनमधून निघते. तारखेचे गिऱ्हाईक समाजाच्या सर्व थरांत आढळत असले, तरी सर्वांत नियमित गिऱ्हाईक म्हणजे पोटगी, मारहाण किंवा हिस्सा यांपैकी कशासाठी तरी अर्ज केलेली बाई. तिच्या अभ्यासाला पाटण तालुक्यातील कोयनानगरचा परिसर सोयीचा पडतो, कारण मनावर घेतले तर सरकारला काय काय जमते हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते. डोंगराच्या पोटात यंत्रे बसवून १,९६० मेगावॉट विजेची सोय केलेली आहे. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे किती फुटांनी उचलले आणि किती क्युसेक पाणी सोडले, हे कऱ्हाड-सांगलीच्या पूररेषेवरील माणसाला वेळेवर कळते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतर तर जमीन जरा हलली, की किती रिश्टर, किती खोलीवर, धरणापासून किती किलोमीटरवर, याचा तपशील लगेच जाहीर होतो. त्याच खोऱ्यात रात्री एखाद्या घरात भांडी आणि बाई दोन्ही आपटली गेली, तर सकाळी ठाण्यात त्याची ‘एन.सी.’ होते. म्हणजे गुन्हा अदखलपात्र; दंडाधिकाऱ्याने सांगितल्याशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही. बाईला नोंदीचा कागद मिळतो. तो घडी घालून पिशवीत ठेवायचा असतो, कारण पुढे वकील पहिल्यांदा तोच मागतो.

दंडाधिकारी कोयनानगरात नसतात. ते पाटणला, वीस-बावीस किलोमीटरवर. त्यावरचे न्यायालय कऱ्हाडला, जिल्ह्याचे साताऱ्याला, आणि उच्च न्यायालय ऑगस्ट २०२५ पर्यंत थेट मुंबईला. या प्रवासात राज्य सरकारने स्त्रियांना एक ठोस मदत केली आहे. मार्च २०२३ पासून एसटीत त्यांना अर्धे तिकीट पडते. त्यामुळे एका तारखेच्या पैशांत आता दोन तारखा करता येतात. न्यायप्रक्रियेतील हा खर्चकपातीचा प्रयोग अद्याप दुर्लक्षित राहिला आहे.

मात्र न्यायालयापर्यंत जाण्याआधी बाईला गावातून जावे लागते. सांगली जिल्ह्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांध, वाट, पाण्याची पाळी यांवरून कोर्टात सडणारे वाद गावातच मिटावेत हा हेतू उत्तम होता, आणि बरेच मिटलेही. पण मोहिमेत मिटलेल्या तंट्याला गुण आणि गुणांना बक्षीस होते. नवऱ्याने डोके फोडलेली बाई त्यामुळे गावाच्या लेखी पीडित न राहता थकबाकी ठरू लागली. गावच्या तंटामुक्ती समितीपुढे नवरा चूक कबूल करतो, सासरा हात जोडतो, बाईला ‘जुळवून घे’ असे सांगण्यात येते आणि चहा होतो. तंटा मिटला अशी नोंद होते. नोंद खोटी नसते. समितीपुरता तंटा मिटलेला असतोच. तो घरी परत जातो.

यातूनही जी पाटणला पोहोचते, तिच्यासाठी कायदा वाट पाहत असतो. कायद्यात कमतरता आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा २००५ चा, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यात संरक्षण अधिकारी आहे. या अधिकाऱ्याने अर्ज भरून द्यायचा, अहवाल करायचा, बाईला आसरा आणि औषधोपचार मिळवून द्यायचे. हे पद पुष्कळदा दुसऱ्याच कामाच्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून येते, त्यामुळे संरक्षण हे कार्यालयीन वेळेत आणि बैठक नसेल त्या दिवशी उपलब्ध असते. वकीलही फुकट आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील द्यावा लागतो. त्या वकिलाला सरकार जे मानधन देते ते पाहता, तोही एका अर्थाने फुकटच काम करीत असतो. त्याचा दोष नाही. त्यालाही घर आहे आणि पैसे देणारे पक्षकार आहेत.

कायदा पुढे सांगतो, की अर्जाची पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा दंडाधिकाऱ्याने प्रयत्न करावा. प्रयत्न केला जातो. त्याचा पुरावा म्हणजे रोजनामा. त्यात साठ दिवसांत काय काय घडले ते दिसते: साहेब रजेवर, साहेबांची बदली, चार्ज दुसऱ्या कोर्टाकडे, सामनेवाल्याच्या वकिलांना बरे नाही, ‘से’ म्हणजे लेखी म्हणणे दाखल करण्यासाठी मुदतीचा अर्ज, मंजूर, मध्यस्थीसाठी, लोकअदालतीसाठी, लोकअदालतीतून परत. प्रत्येक कारण अगदी खरे असते. प्रत्येकामागे सही असते. बाई सकाळी साडेदहाला आवारात येते, पुकारा ऐकू येईल अशा बेताने व्हरांड्यात बसते, आणि तीन-साडेतीनला पुढची तारीख हातात घेऊन उठते. या पाच तासांत तिला लागणाऱ्या एका गोष्टीचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०२५ रोजी केला. देशातील सर्व न्यायालयांत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असावे, असा आदेश त्या दिवशी झाला. प्रजासत्ताकाला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा अकरा दिवस बाकी होते, म्हणजे अगदीच उशीर झाला असे नाही.

साठ दिवसांतील मोठा भाग समन्स बजावण्यात जातो. पाटण तालुका पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माणसे पुरवत आला आहे. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला टोळी दिली, नोंद दिली, मंडळामार्फत पगार दिला, भविष्यनिर्वाह निधी दिला. श्रमिकांच्या कायद्यांत हा एक अभिमानाचा कायदा आहे. याच नोंदीतला एखादा नवरा बायकोच्या अर्जात सामनेवाला झाला, की मात्र तो पृथ्वीतलावरून नाहीसा होतो. ज्याचे नाव, टोळी, हजेरी आणि बँक खाते मंडळाच्या दप्तरात आहे, त्याच्याबद्दल बेलिफाचा शेरा येतो : पत्त्यावर मिळून आला नाही, सबब समन्स परत. नवा पत्ता देण्याची जबाबदारी बाईची. तो गणपतीला, शिमग्याला आणि यात्रेला गावी येतो, पण त्या दिवसांत कोर्टाला सुटी असते.

समन्स लागलेच, तर नवरा उत्तर म्हणून स्वतःचा दावा लावतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ प्रमाणे बायकोने नांदायला यावे, ही त्याची मागणी. जिला त्याने बाहेर काढले ती परत येत नाही अशी तक्रार तो करतो आणि न्यायालय ती दाखल करून घेते. या दाव्याला मुंबईत मोठी परंपरा आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंवर नवऱ्याने १८८४ साली असाच दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला, आणि मार्च १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन आल्या. त्यानंतर कायद्यात सुधारणा झाली नाही असे नाही. १९२३ पासून अशा बाईला तुरुंगात घालता येत नाही. फक्त तिच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते. टाकलेल्या बाईची मालमत्ता म्हणजे काय, हे जप्तीला जाणाऱ्या बेलिफानेच सांगावे. नांदण्याची सक्ती करणारे मूळ कलम १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनात्मक ठरवून जपून ठेवले आहे.

हा दावा पाटणला लावलाच पाहिजे असेही नाही. आम्ही शेवटचे एकत्र नवी मुंबईत राहिलो, असे म्हणून नवरा तिकडच्या न्यायालयात तो लावतो. मग कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन बाईने तिकडच्या तारखांना जायचे, किंवा दावा इकडे वर्ग करा असा अर्ज उच्च न्यायालयात करायचा. मुंबईला जाणे परवडत नाही हे सांगण्यासाठी तिने मुंबईला जावे, ही व्यवस्था ऑगस्ट २०२५ पर्यंत चालली.

त्या महिन्याच्या १७ तारखेला कोल्हापुरात उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांचे काम तिकडे आले. यासाठी वकिलांनी चाळीसेक वर्षे लढा दिला. मोर्चे काढले, उपोषणे केली, निवेदने दिली, आणि मुख्य म्हणजे वेळोवेळी कामकाजापासून अलिप्त राहिले. लढा न्याय्य होता, विजयही खरा आहे. ज्या दिवशी वकील अलिप्त राहिले, त्या दिवशीच्या बोर्डावर पोटगीचेही अर्ज होते, एवढी नोंद त्याच्या इतिहासात तळटीप म्हणून घ्यायला हरकत नसावी. उच्च न्यायालय जवळ यावे म्हणून किती तारखा दूर गेल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता पोटगीचा हुकूम झाला असे धरू. गृहीतक धाडसी आहे. नागपूरच्या एका जोडप्यातील बाईने २०१३ साली स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. ते प्रकरण रजनेश विरुद्ध नेहा या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी त्यावर निकाल झाला. सात वर्षे चाललेला हा वाद ‘अंतरिम’ होता. निकाल चांगला आहे: दोघांनी उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. त्यामुळे प्रतिज्ञापत्र दाखल करण्यासाठी मुदत, हे तारखेचे एक नवे कारण उपलब्ध झाले.

हुकूम झाला म्हणजे पैसे मिळाले असे नाही. नवऱ्याने दिले नाहीत तर वसुलीचा वेगळा अर्ज. तो रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा, नाहीतर त्या महिन्यांपुरते वॉरंट निघत नाही. ही अट जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १४४ आले आणि अट न विसरता सोबत आणली. न्यायालयाला निकालासाठी सात वर्षे लागली तरी चालतात, बाईला वसुलीसाठी मात्र एका वर्षाची शिस्त आहे. कायद्यापुढे सगळे समान असतात. वेळ पाळण्याचे कर्तव्य तेवढे ज्याला परवडत नाही त्याच्याकडे दिलेले असते.

या तुलनेत जुलै २०२४ पासूनच्या लाडकी बहीण योजनेने धडा घालून दिला. परित्यक्ता हा तिच्या पात्रतेतला एक प्रकारच होता. समन्स नाही, ‘से’ नाही, उलटतपास नाही. महिन्याला दीड हजार खात्यात. नवऱ्याने न दिलेली पोटगी राज्यातल्या करदात्याने दिली असे म्हणता येईल. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी आली आणि त्यात पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक मागितला गेला. जो बेलिफाला सापडत नाही, त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी बाईने मिळवायचा होता.

हिश्श्याचे प्रकरण थोडक्यात आटोपता येते. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला. जिचे लग्न त्याआधी झाले तिला वगळले. केंद्राने २००५ साली कायदा बदलला, आणि तो नेमका कोणाला लागू यावर पंधरा वर्षे खल होऊन ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात उत्तर मिळाले. दुसरीकडे हक्कसोडपत्र. भाऊ गाडी पाठवतो, माहेरी जेवण होते, दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठ्याचा ठसा होतो, साडीचोळी होते, संध्याकाळी गाडी परत सोडते. सरकारी कार्यालयात बाईचे एका दिवसात पूर्ण होणारे काम म्हणून याचा उल्लेख करावा लागेल.

व्यवस्था बदलू पाहणाऱ्या वकिलांचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा, कारण त्यांना मिळणाऱ्या तारखा आकाराने मोठ्या असतात. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी त्यांना १९२२ साली मिळाली. इथे वकिली करण्याची मुभा स्त्रियांना १९२३ च्या कायद्याने आली. एवढ्या अनुभवानंतर व्यवस्थेला स्त्री वकिलांची सवय झाली असावी असा समज होता. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये पुणे जिल्हा न्यायालयाच्या एका सूचनेने दूर केला : स्त्री वकिलांनी भर न्यायालयात केस सारखे करू नयेत, त्याने कामकाजात व्यत्यय येतो. टीका होताच सूचना मागे घेतली गेली. पुण्यातील न्यायालयीन विलंबाचे एवढे सुस्पष्ट कारण पुन्हा कधी पुढे आलेले नाही.

कायदाच बदलू पाहणाऱ्यांचा अनुभवही पाहावा. गडचिरोलीकडच्या देसाईगंज पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला सर्वांना ‘मथुरा’ म्हणून माहीत आहे. कायद्याच्या पुस्तकात तो तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने, म्हणजे पोलिसाच्या नावाने, सापडतो. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, हे कारण. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. मुलीच्या खटल्याचा निकाल बदलला नाही. सुधारणा नेहमी पुढच्या बाईसाठी होते.

पुढची बाई मात्र जुन्याच प्रश्नांना सामोरी जाते. १ मार्च २०२१ रोजी राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीतील एका कर्मचाऱ्याचा जामीन अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे होता. आरोप अल्पवयीन मुलीवरील बलात्काराचा. सरन्यायाधीशांच्या पीठाने त्याला मुलीशी लग्न करणार का असे विचारले. त्याचे लग्न आधीच दुसरीकडे झालेले निघाल्याने तडजोड राहिली. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असा खुलासा न्यायालयाने आठवडाभरात, ८ मार्चला केला. दिवस महिला दिनाचा होता.

न्यायाधीशांच्या या कर्तृत्वात साताऱ्यानेही भर घातली आहे. वडील कोठडीत आहेत म्हणून जामिनासाठी धडपडणाऱ्या एका मुलीकडे पाच लाख रुपये मागितल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०२४ मध्ये लाचलुचपत विभागाने खुद्द जिल्हा व सत्र न्यायाधीशांवर गुन्हा नोंदवला. उच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरात त्यांना बडतर्फ केले. दहा महिन्यांत फैसला; त्याचे श्रेय असे, की प्रकरण शिस्तभंगाचे होते, खटल्याचे नव्हते.

याच साताऱ्यात वकील वर्षा देशपांडे यांनी १९९० साली दलित महिला विकास मंडळ सुरू केले आणि पुढे लेक लाडकी अभियान. त्यांचे क्षेत्र अजून जन्माला न आलेल्या पक्षकार स्त्रिया. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राचाच, १९८८ चा. केंद्राचा १९९४ चा. इतक्या पुढारलेल्या राज्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ निघाल्या. ऊस, द्राक्षे आणि सहकारी साखर कारखाने यांच्या जोडीला सोनोग्राफीची यंत्रेही आली होती. कायद्याला आकडे माहीत होते, डॉक्टर माहीत होते. कमी होती ती फिर्यादीची. गर्भवती बाई तक्रार करणार नाही, नवरा करणार नाही, डॉक्टर तर नाहीच. आणि बाहेरच्या कोणी थेट न्यायालयात जायचे ठरवले, तर त्याने आधी समुचित प्राधिकाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, असे कलम २८ सांगते. म्हणजे पुरावा आवरून ठेवायला वेळ मिळतो. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळला ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण सापडले. त्या वेळी कोणाचीच नोटीस कामी आली नव्हती; एका विवाहितेचा मृत्यू झाला म्हणून शोध लागला.

देशपांडे यांनी यावर जो उपाय काढला तो पोलिसी कादंबरीत शोभावा असा. खरोखर गर्भवती असलेली, धीट बाई शोधायची, तिला खोट्या नावाने दवाखान्यात पाठवायचे, नोटांचे नंबर लिहून ठेवायचे, प्राधिकारी आणि पंच बाहेर उभे करायचे. राज्यात अशी पुष्कळ प्रकरणे उघडी पडली. परळीच्या ज्या डॉक्टरला पुढे २०१९ साली बीडच्या न्यायालयाने शिक्षा दिली, त्याच्यावरही २०१० साली हा सापळा लावून झाला होता. सापळ्यानंतर दोन वर्षांनी एक बाई त्याच्या टेबलावर मेली. देशपांडे यांना २०२५ साली संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. अशा खटल्यांत बचाव पक्षाचा जबाब ठरलेला असतो: सोनोग्राफीच्या नोंदीच्या एफ फॉर्ममधली चूक ही कारकुनी चूक. ही सबब सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९ रोजी फेटाळली, तरी खालच्या कोर्टात ती आजही प्रकृती सांभाळून आहे.

सापळ्यात गेलेली बाई सरकार पक्षाची मुख्य साक्षीदार. दवाखान्यात ती एकदाच जाते, न्यायालयात तिला अनेकदा यावे लागते. पहिल्या समन्सला ती बाळंतीण असते म्हणून हजेरी माफीचा अर्ज, नंतर आरोपीचे वकील वरच्या कोर्टात, नंतर स्थगिती. प्रत्यक्ष साक्षीच्या दिवशी पोटातले मूल बहुतेक शाळेत गेलेले असते. उलटतपासात पहिला प्रश्न येतो, की गर्भलिंगनिदान करून घ्यायला तुम्ही स्वतःच गेला होतात, हे खरे आहे काय? उत्तर लिहून घेतले जाते. साक्षीदाराला प्रवासभत्ता मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी अर्ज द्यावा लागतो.